ट्रान्सव्हर्स मायलायटिस: निदान नुकतंच झालंय, आता काय काय करायचं?

मज्जारज्जूच्या एखाद्या भागाला अचानक सूज येते. मेंदूकडून खाली जाणारे आणि खालून वर येणारे निरोप तिथे अडतात. मग काही तासांत किंवा काही दिवसांत पाय जड होतात, मुंग्या येतात, छाती-पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं आणि लघवी तुंबते. दर वर्षी साधारण दहा लाखांत १ ते ४ जणांना हा आजार होतो. त्यामुळे नात्यागोत्यात, शेजारात, बऱ्याचदा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांच्या ओळखीतही आधीचा पेशंट नसतो. विचारायचं कुणाला, इथूनच अडचण सुरू होते. माझ्या धाकट्या भावाच्या आजारपणात आम्ही या सगळ्यातून गेलो. तेव्हा जे कुणीतरी सलग सांगायला हवं होतं, ते इथे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. घरातला प्रत्येक जण पायांकडे बघत असतो. अंगठा हलला का, गुडघा वाकला का, कधी उभा राहणार? हे साहजिक आहे. पण पाय त्यांच्या वेगाने सुधारतात आणि तो वेग आपल्या हातात फारसा नसतो. लघवी, शौच आणि कातडी यांची काळजी मात्र आपल्या हातात असते. पेशंटला पुन्हा पुन्हा हॉस्पिटलात नेतात त्याही याच गोष्टी. म्हणून या लेखात पायांपेक्षा त्यांच्याबद्दल जास्त लिहिलंय.

निदान अजून पक्कं नसेल तर

पायांतली ताकद दिवसागणिक कमी होतेय, पोटावर किंवा छातीवर एका ठरावीक रेषेखाली स्पर्श कळेनासा झालाय आणि लघवीला त्रास होतोय, असं एकत्र दिसलं तर उद्याची ओपीडी नको. त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, न्यूरॉलॉजिस्ट, एमआरआय आणि आयसीयू या तिन्ही सोयी असलेल्या हॉस्पिटलात जा. या आजारात लक्षणं सुरू झाल्यापासून सगळ्यात वाईट अवस्थेपर्यंत पोचायला ४ तासांपासून २१ दिवसांपर्यंतचा वेळ लागतो. त्याहून झपाट्याने, तासा-दोन तासांत पाय गेले तर डॉक्टरांना मज्जारज्जूच्या रक्तपुरवठ्याची शंका येते. ट्यूमर, टीबीचा गळू किंवा सरकलेली गादी यांचा मज्जारज्जूवर दाब पडूनही असंच होतं आणि त्यात तातडीने ऑपरेशन लागू शकतं. यातलं नेमकं काय आहे हे घरी बसून कळत नाही.

हातातली ताकदही जायला लागली किंवा दम लागायला लागला तर इजा मानेच्या भागात असण्याची शक्यता असते. अशा पेशंटचा श्वास कधीही अडखळू शकतो, त्याला अँब्युलन्समधूनच न्या.

गावाकडे पाय लुळे पडले की लकवा मारला म्हणतात आणि लकव्याचं औषध देणाऱ्या ठिकाणी नेतात. तिथे गेलेला वेळ परत मिळत नाही. मालिश करू नका, शेक तर अजिबात देऊ नका. बधिर कातडीला चटका कळत नाही. गरम पाण्याच्या पिशवीने भाजून झालेली जखम भरायला महिनोन् महिने लागू शकतात.

पेशंट १५ वर्षांखालचं मूल असेल तर आणखी एक गोष्ट होईल. मुलाचे पाय अचानक लुळे पडले की पोलिओ सर्वेक्षणासाठी शौचाचे दोन नमुने घेतात आणि आरोग्य खात्याचे लोक चौकशीला येतात. मुलाला पोलिओ झालाय असा त्याचा अर्थ नाही. अशा प्रत्येक मुलाची तशी नोंद होते आणि ती व्हायलाच हवी.

तपासण्या: काय विचारायचं, कशाला घाबरायचं नाही

पाय गेले म्हणून कित्येकदा आधी कंबरेचा एमआरआय काढला जातो आणि तो नॉर्मल येतो. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि हा आजार बहुतेकदा त्याच्या वर, छातीच्या मागच्या भागात होतो. त्यामुळे नुसत्या कंबरेच्या फोटोत तो सापडेलच असं नाही. मानेपासून खालपर्यंत संपूर्ण कण्याचा आणि मेंदूचा एमआरआय, शक्यतो काँट्रास्ट देऊन, काढायचा आहे का हे स्पष्ट विचारा. अगदी सुरुवातीला काढलेला फोटो साफ येऊ शकतो. लक्षणं तशीच राहिली तर काही दिवसांनी तो पुन्हा काढतात.

पाठीतून पाणी काढायचं म्हटलं की नातेवाईक हादरतात. पाणी काढल्याने माणूस कायमचा अपंग होतो ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे, आणि तिच्यापायी लोक सहीच करत नाहीत. सुई मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली घालतात, मज्जारज्जूला ती लागत नाही. नंतर काहींचं डोकं दुखतं, उठून बसलं की जास्त. पडून राहिल्यावर ते बहुतेकदा काही दिवसांत थांबतं. त्या पाण्यात पांढऱ्या पेशी वाढल्यात का, जंतुसंसर्ग किंवा टीबी आहे का, हे दिसतं. टीबी आपल्याकडे एवढा आहे की ही तपासणी टाळणं परवडणारं नाही.

रक्ताच्या तपासण्या बऱ्याच होतात: एचआयव्ही, सिफिलिससाठी व्हीडीआरएल, ल्युपससारख्या आजारांसाठी एएनए. बी१२ बघितलंय का हे आवर्जून विचारा. वर्षानुवर्षं शाकाहारी असणाऱ्यांत बी१२ फार कमी होऊन मज्जारज्जूला इजा होते. ती सहसा हळूहळू, आठवडे-महिने लागून होते आणि तिच्यावरचा उपाय अगदी वेगळा आहे.

दोन तपासण्या महाग आहेत, पण पुढच्या कित्येक वर्षांचं औषध त्यांवर ठरतं. एक अ‍ॅक्वापोरिन-४ अँटिबॉडी आणि दुसरी एमओजी अँटिबॉडी. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जासंस्थेवर उलटली आहे का, ते यांवरून कळतं. सूज मणक्यांच्या तीन किंवा जास्त भागांएवढी लांब पसरलेली असेल तर या तपासण्यांचं महत्त्व आणखी वाढतं. अ‍ॅक्वापोरिन-४ पॉझिटिव्ह आली तर आजाराचं नाव एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) होतं. एनएमओ पुन्हा उलटतो आणि डोळ्यांच्या नसांवरही येतो, त्यामुळे त्याला रिटक्सिमॅब, मायकोफेनोलेट किंवा अझाथायोप्रिनसारखं औषध दीर्घकाळ लागतं. एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूत पुन्हा पुन्हा सूज येणारा वेगळा आजार) यावर दिली जाणारी काही औषधं, उदाहरणार्थ इंटरफेरॉन, एनएमओ बिघडवू शकतात. म्हणून खर्चाकडे बघून ही तपासणी पुढे ढकलू नका. रक्ताचा नमुना आयव्हीआयजी (दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडींचं सलाईन) देण्याच्या किंवा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलण्याच्या आधी दिलेला बरा, नंतर निकाल फसवा येऊ शकतो. तपासणी सेल-बेस्ड पद्धतीची आहे ना, एवढं लॅबला विचारून घ्या.

मेंदूच्या एमआरआयमध्ये जुने डाग दिसले तर पुढे एमएस होण्याची शक्यता जास्त असते. मेंदू साफ असला तर ती बरीच कमी होते. कित्येकांच्या बाबतीत सगळं तपासूनही कारण सापडत नाही. काही आठवड्यांपूर्वी ताप, खोकला किंवा जुलाब होऊन गेलेले असतात, एवढंच आठवतं.

पहिले उपचार

नेहमीचा पहिला उपचार म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड. मोठ्या माणसाला रोज १ ग्रॅम, सलाईनमधून, ३ ते ५ दिवस. सगळे रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टर सहसा थांबत नाहीत आणि थांबूही नये. स्टिरॉइडच्या नावाला घाबरून नकार देणारी घरं असतात. थोडे दिवस दिलेल्या या औषधाचे त्रास बहुतेक तात्पुरते असतात: झोप उडते, तोंड कडवट होतं, चेहरा लाल होतो, चिडचिड वाढते, साखर चढते. मधुमेह असेल, पूर्वी टीबी होऊन गेला असेल, तर ते पहिल्याच दिवशी सांगा. नंतर गोळ्या चालू ठेवल्या तर त्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे कमी करत जायच्या. बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायच्या नाहीत.

स्टिरॉइडने फरक पडला नाही, किंवा सुरुवातच फार जोराची असली, तर प्लाझ्मा बदलतात. मानेत किंवा मांडीत मोठी नळी घालून रक्तातला द्रव भाग काढून टाकतात आणि त्याजागी दुसरा देतात. साधारण एक दिवसाआड, ५ ते ७ वेळा. यात रक्तदाब उतरू शकतो आणि खर्चही बराच होतो. पण स्टिरॉइड लागू न पडलेल्यांपैकी काहींना याने ठळक फायदा होतो. म्हणून स्टिरॉइड सुरू होऊन चार-पाच दिवस झाले तरी सुधारणा नसेल तर पुढची योजना काय, हे तुम्ही स्वतःहून विचारा. त्या हॉस्पिटलात ही सोय नसेल तर ती कुठे आहे हेही त्याच दिवशी विचारा.

वॉर्डातले दिवस: लघवी

सुरुवातीला फॉली कॅथेटर, म्हणजे आत कायम राहणारी नळी, घालतात. तेव्हा ती गरजेचीच असते. पण ती घेऊनच घरी सोडतात, आणि कित्येक पेशंट वर्ष-वर्ष तशीच वागवतात. डिस्चार्ज होण्याआधी सीआयसी शिकवा, असं नर्सना किंवा युरॉलॉजिस्टना सांगा. यात साधी नेलॅटन नळी दर ४ ते ६ तासांनी घालून मूत्राशय रिकामं करायचं आणि नळी काढून टाकायची. हात चालत असतील तर पेशंटने स्वतः करायचं. बायकांना सुरुवातीला आरसा लागतो. साबणाने हात धुवायचे, जेली लावायची. एका वेळी साधारण ४०० ते ५०० मिलीच्या वर लघवी साचू द्यायची नाही. तेवढी निघत असेल तर मधलं अंतर कमी करायचं.

लाज वाटते. भावाला वाटली, आईलाही वाटली. पण मूत्राशयात दाब वाढून लघवी उलट किडनीकडे गेली तर किडनी खराब होते आणि ते दुखतही नाही. थोडी थोडी लघवी आपोआप होतेय म्हणून गाफील राहू नका, कारण आत किती उरते ते सोनोग्राफीशिवाय कळत नाही. काही महिन्यांनी मूत्राशयातला दाब मोजणारी युरोडायनॅमिक तपासणी करून घ्या. पाणी कमी पिऊन लघवी आटोक्यात ठेवायचा मोह सगळ्यांना होतो, त्याने जंतुसंसर्ग आणि खडे होतात. दिवसभरात दीड ते दोन लिटर, सारखं वाटून प्यायचं, संध्याकाळनंतर कमी.

नळी वापरणाऱ्याच्या लघवीत जंतू जवळपास नेहमीच सापडतात. ताप, थंडी, पायांचा वाढलेला ताठरपणा, गढूळ आणि उग्र वासाची लघवी असा त्रास असेल तरच अँटिबायोटिक घ्यायचं. नुसत्या रिपोर्टवर दर महिन्याला कोर्स घेतले तर खरी गरज पडते तेव्हा औषधच उरत नाही.

कातडी

बधिर भागाला दुखत नाही, म्हणून पेशंट कूस बदलत नाही, आणि माकडहाड, खुबा, घोटा, टाच इथली कातडी दाबाने मरते. पलंगावर असताना दर २ तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. पाळ्या लावा आणि कागदावर वेळ लिहा. एअर मॅट्रेस घ्या, भाड्यानेही मिळते, पण ती घेतली म्हणून कूस बदलणं थांबत नाही. टाचा उशीच्या आधाराने अधांतरी ठेवायच्या. मधे भोक असलेली रबरी रिंग देऊ नका, तिच्या कडेने रक्तपुरवठा आणखी तुटतो. खुर्चीत बसल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी हातांवर जोर देऊन उचलायचं किंवा पुढे-बाजूला झुकायचं.

रोज एकदा, अंघोळीच्या वेळी, सगळी कातडी डोळ्यांनी बघा. लाल डाग बोटाने दाबूनही फिका होत नसेल तर त्या जागेवर पुन्हा वजन पडू द्यायचं नाही, तो पूर्ण जाईपर्यंत. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही. तिथे रंग गडद झालाय का, जागा गरम किंवा कडक लागतेय का ते हाताने पाहा. बेडसोअर या अवस्थेत सापडला तर काही दिवसांत जातो. हाडापर्यंत गेला तर ऑपरेशन लागतं आणि व्यायाम महिनोन् महिने थांबतो.

एका पायाची पोटरी सुजली किंवा अचानक दम लागला तर रक्ताची गुठळी असू शकते. लगेच डॉक्टरांना सांगा. तो पाय चोळू नका.

घरी आल्यावर

शौचाला वेळ बांधून घ्या. नाश्ता किंवा गरम चहा झाल्यावर आतडी आपोआप जोर करतात, त्यानंतर अर्ध्या तासात कमोड खुर्चीवर बसवा. इसबगोल द्यायचं तर भरपूर पाण्याबरोबर, नाहीतर तेच अडकतं. भाकरी, पालेभाज्या, पपई, ताक आहेच. लागलीच तर ग्लिसरीन किंवा बिसाकोडिलची सपोझिटरी. नियम बसायला काही आठवडे लागतात. एकदा बसला की बाहेर पडायची भीती जाते, आणि पेशंटचा चेहरा बदलतो तो तेव्हा.

भारतीय पद्धतीच्या संडासावर कमोड खुर्ची ठेवता येते, भिंतीला धरायला दांडे बसवून घ्या. खुर्ची घ्यायच्या आधी दारांची रुंदी मोजा. उंबरे काढा किंवा त्यांवर उतार करा.

फिजिओथेरपी आयसीयूतच सुरू होते. सुरुवातीला सांधे आखडू नयेत म्हणून दुसऱ्याने हलवायचे, पाऊल खाली लोंबू नये म्हणून स्प्लिंट. पुढे बसण्याचा तोल, टिल्ट टेबलवर उभं राहणं, पॅरलल बार, वॉकर. घरी येणाऱ्या फिजिओला रोजचा एक तास मिळतो, उरलेला दिवस घरच्यांचा असतो. म्हणून पलंगावरून खुर्चीत कसं न्यायचं हे घरातल्या दोघांनी तरी शिकून घ्या, नाहीतर त्या एकाच माणसाची कंबर जाते. शक्य असेल तर काही आठवडे पुनर्वसन केंद्रात काढा. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे. तिथे व्यायाम, खुर्ची, कॅलिपर आणि व्यवसायोपचार (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारा उपचार) एकाच छताखाली मिळतात.

पाय पूर्वी लुळे होते, आता आपोआप ताठ होतात किंवा उडतात, असं काही आठवड्यांनी दिसेल. ती ताकद परत आल्याची खूण नसते. हा ताठरपणा आहे. रोज ताण देऊन आणि बॅक्लोफेनसारख्या गोळ्यांनी तो आवरतो. बॅक्लोफेन अचानक बंद करणं धोक्याचं आहे, गावाला जाताना गोळ्या जास्तीच्या घ्या. जळजळ, विजेचे झटके, काट्यांवर ठेवल्यासारखं दुखणं यांना पॅरासिटामॉल पुरत नाही. त्यासाठी प्रेगाबॅलिन, गॅबापेंटिन किंवा अमिट्रिप्टिलिनसारखी औषधं असतात. दिसत नाही म्हणून हे दुखणं खोटं नसतं, नातेवाईकांना हे सांगावं लागतं.

ताप आला किंवा मे महिन्याच्या उन्हात फिरलं की जुनी लक्षणं वर येतात. अंग थंड झालं की ती उतरतात.

इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर असेल तर एक संकट घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. अचानक डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो, रक्तदाब खूप चढतो. पेशंटला लगेच ताठ बसवा, कपडे सैल करा आणि नळी मुडपली आहे का, लघवी तुंबली आहे का, शौच अडकलंय का ते पाहा. कारण दूर झालं की रक्तदाब उतरतो. उतरला नाही तर सरळ हॉस्पिटल.

शरीरसंबंधांविषयी डॉक्टर सहसा आपणहून बोलत नाहीत. पुरुषांसाठी औषधं आहेत, आणि बायकांच्या गर्भधारणेच्या क्षमतेवर या आजाराचा सहसा परिणाम होत नाही. विचारा. नैराश्यही या आजारात बरंच दिसतं आणि त्यावरही उपचार आहेत. धीर धर, एवढं म्हणून ते जात नाही.

किती बरं होणार?

ढोबळमानाने एक तृतीयांश पेशंट चांगले बरे होतात, एक तृतीयांशांना थोडं अपंगत्व राहतं आणि उरलेल्यांना बरंच. सुधारणा बहुतेकदा पहिल्या दोन-तीन महिन्यांत दिसायला लागते आणि २ वर्षांपर्यंत, काहींची त्यानंतरही, चालू राहते. पहिल्या तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर मोठ्या सुधारणेची शक्यता कमी होते. हे ऐकणं जड जातं, पण याच काळात खात्रीने चालवून दाखवतो म्हणणारे भेटतात. स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये मागणाऱ्यांपासून दूर राहा. या आजारासाठी तो मान्यताप्राप्त उपचार नाही. ते पैसे फिजिओ, खुर्ची आणि नळ्यांसाठी लागणार आहेत.

पैसे आणि कागद

दाखल होताच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या हॉस्पिटलातल्या मदतनीसाला, भेटा. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, पण तुमचा उपचार आणि ते हॉस्पिटल योजनेत बसतं का हे तोच सांगेल. धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत असतात. रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जा. बिल झाल्यावर जाऊ नका, आधी जा.

अपंगत्व राहिलं तर स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डसाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) अर्ज करा; तपासणी सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळात होते. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. पेशंट सरकारी नोकरीत असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० वाचून ठेवा. सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा हुद्दाही कमी करता येत नाही. घाबरून राजीनामा देऊ नका.

सगळे एमआरआय, पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट, अँटिबॉडीचे निकाल आणि डिस्चार्ज कार्ड एका फाईलमध्ये ठेवा, मोबाइलमध्ये त्यांचे फोटोही.

पुन्हा कधी पळायचं

नवी लक्षणं आली, किंवा जुनी वाढून २४ तासांहून जास्त टिकली, तर आधी ताप आणि लघवीचा संसर्ग आहे का ते बघून घ्या, कारण पुष्कळदा तेच कारण निघतं. संसर्ग नसेल तर त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टला फोन करा. एका डोळ्याने अंधुक दिसायला लागलं आणि डोळा हलवताना दुखतोय, किंवा उचकी आणि उलट्या दिवसेंदिवस थांबत नाहीत, तरी तेच करा. उचकीसाठी पोटाच्या डॉक्टरांकडे गेलात तर त्यांना मज्जारज्जूचा आजार होऊन गेल्याचं सांगा आणि ती फाईल दाखवा.